चरबीतली शिबंदी आणि म्हातारपणाचा दाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्धक्य आणि लठ्ठपणावर काहीही लिहिलं की चरबीबद्दलच्या प्रश्नांची रांग लागते. त्यातले बरेच तेच ते असतात, म्हणून एकदा सगळे एका जागी मांडले. प्रश्न आले तसेच ठेवलेत. जिथे दहा जणांनी एकच गोष्ट विचारली तिथे त्यातल्या त्यात नेटका निवडला. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत उगाळलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दाह म्हणजे पित्त झालं की होते ती जळजळ का?

नाही. ही गल्लत आपल्या शब्दांमुळे होते. पित्ताची जळजळ म्हणजे जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येणं. इथे ज्या दाहाबद्दल बोलतोय तो वेगळा. बोटात काटा रुतला की थोड्या वेळात बोट लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जागेवर पोचलेल्या असतात. काटा निघाला, जंतू मेले की हे सगळं चार-सहा दिवसांत ओसरतं. हा उपयोगी दाह, तो नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

म्हातारपणाचा दाह मात्र ठणकत नाही, दिसत नाही आणि ओसरतही नाही. राखेखाली निखारा राहावा तसा तो वर्षानुवर्षं राहतो. इटलीतले संशोधक क्लॉदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ (इन्फ्लमेशन म्हणजे दाह, एजिंग म्हणजे वार्धक्य) असं जोडनाव दिलं आणि ते रुळलं. रक्तवाहिन्या कडक होणं, मधुमेह, स्नायू झडणं अशा उतारवयातल्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी थोडाफार हात याचा असतो.

२. चरबी म्हणजे जास्तीच्या ऊर्जेचं कोठार, एवढंच शाळेत शिकलो. तिथे रोगप्रतिकारक पेशी कशाला?

कोठार खरंच, पण राखणदार असलेलं. आतड्यांवर पुढून एक चरबीची झालर पदरासारखी पसरलेली असते, तिला ओमेंटम म्हणतात. पोटात कुठे भोक पडलं किंवा आंत्रपुच्छ सुजलं तर ही झालर तिथे जाऊन चिकटते आणि जागा झाकते. ब्रिटिश शल्यविशारद रदरफर्ड मॉरिसन यांनी तिला पोटातला पोलीस म्हटलं होतं. या झालरीवर दुधट ठिपके दिसतात आणि ते म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके. एकोणिसाव्या शतकातच ते पाहिले गेले होते. ते करतात काय, हे समजायला मात्र पुढची शंभर वर्षं गेली.

शिवाय जुन्या संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या टी पेशी चरबीत मुक्कामाला असतात, हे उंदरांत दिसलं आहे. यात आश्चर्य नाही. आतडं, त्वचा, लसीकाग्रंथी, जिथून जंतू आत येतात किंवा जिथे ते अडवले जातात त्या प्रत्येक ठिकाणी चरबीची गादी असते. किल्ल्यात शिबंदी असते तशी ही चरबीतली शिबंदी. प्रश्न शिबंदी असण्याचा नाही. ती म्हातारी झाल्यावर कशी वागते, हा आहे.

३. कोणकोणत्या पेशी असतात? आणि किती?

जागा मोजली तर जवळजवळ सगळी मेदपेशींनीच अडवलेली दिसते, कारण त्या प्रचंड असतात. एकेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. डोकी मोजली तर मात्र त्या बहुधा निम्म्याही भरत नाहीत. बाकीच्या म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशी, मेदपेशी घडवणाऱ्या पूर्वपेशी आणि आपली शिबंदी.

शिबंदीत सगळ्यात जास्त भरणा मॅक्रोफेजांचा, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशींचा. सडपातळ माणसाच्या चरबीत ते दहा टक्क्यांच्या आत असतात, अति लठ्ठ माणसात चाळीस टक्क्यांच्या आसपास जातात. त्यांच्या जोडीला इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि ‘टाइप-२’ उपजत लसीका पेशी असतात. या दोघी वातावरण थंड ठेवतात. नियामक टी पेशी भांडण वाढू देत नाहीत, निदान तरुणपणी तरी. म्हातारपणी त्यांचं काय होतं ते प्रश्न ७ मध्ये. मारेकरी टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीही असतात, तरुण सडपातळ शरीरात थोड्या आणि गप्प.

४. हे कधी कळलं? आमच्या वेळच्या पुस्तकांत तर नव्हतं.

नसणारच. १९९३ साली गोखन होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाला लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू भरपूर सापडला आणि तो अडवल्यावर इन्सुलिन नीट काम करू लागलं. दुसऱ्याच वर्षी लेप्टिन सापडलं, म्हणजे चरबी हार्मोनही सोडते हे नक्की झालं. पण टीएनएफ नक्की सोडतंय कोण? दहा वर्षं बहुतेकांचा संशय मेदपेशींवरच होता. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच सुमारास दाखवलं की बराचसा माल चरबीत घुसलेल्या मॅक्रोफेजांचा आहे. वार्धक्याकडे लोक नेटाने वळले ते त्यानंतर.

५. मॅक्रोफेज तिथे नेमकं काय करतात? सफाई करतात म्हणे, मग त्रास कसला?

मेदऊतीची काचपट्टी मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा वाटलं, करणाऱ्याने काहीतरी बिघडवलंय. नुसती रिकामी घरं, मधाच्या पोळ्यासारखी. कारण साधं होतं: पट्टी तयार करताना वापरलेल्या अल्कोहोल आणि झायलिनमध्ये चरबी विरघळून जाते, उरते ती फक्त पेशीची कड. पट्टी सरकवत गेलो आणि एका घराभोवती जांभळ्या ठिपक्यांचं कडं दिसलं, अगदी शिस्तीत, खेटून बसलेलं. शेजारची दहा घरं तशीच मोकळी आणि याच्याभोवतीच ही गर्दी. तो जांभळा ठिपका म्हणजे एकेका मॅक्रोफेजचं केंद्रक, आणि मधलं घर म्हणजे मेलेली मेदपेशी. या रचनेला मुकुटाकार रचना म्हणतात. २००५ मध्ये इटलीतल्या साव्हेरिओ चिंती यांच्या गटाने दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या आणि माणसांच्या चरबीतले नव्वद टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज अशा मेलेल्या पेशींभोवतीच असतात.

कडं का? कारण घास मोठा आहे. एरवी मॅक्रोफेज मेलेली पेशी गिळून मोकळा होतो. मेदपेशी त्याच्या कितीतरी पट मोठी, ती गिळणार कशी? मग सगळे मिळून तिला घेरतात, कडेने पाचकरस सोडतात आणि हळूहळू थेंब चाटत बसतात. या काळात ते स्वतः चरबीने फुगतात आणि टीएनएफ, आयएल-१ बीटा असे संदेश सोडत राहतात. त्याने शेजारच्या धडधाकट मेदपेशीही इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, त्यांच्यातली चरबी गळू लागते, आणखी मॅक्रोफेज बोलावले जातात. सफाई कामगार वाईट नाहीत, काम संपत नाही ही अडचण आहे.

६. माझं वजन पंचवीस वर्षं तेवढंच आहे. मग माझ्या चरबीत बदल का व्हावा?

काटा तोच दाखवतो, आतलं वाटप बदललेलं असतं. वय वाढतं तसा स्नायू घटतो आणि चरबी वाढते. बेरीज तीच राहू शकते. शिवाय चरबीची जागा हलते. तरुणपणी जादा ऊर्जा कातडीखाली मांडी-नितंबांवर नीट साठवली जाते, कारण तिथल्या पूर्वपेशी मागणीनुसार नव्या मेदपेशी घडवतात. उतारवयात ही क्षमता मंदावते आणि माल पोटात आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत जाऊन पडतो.

जाता जाता एक मजा. माणसाच्या मेदपेशी किती वर्षं जगतात हे अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे मोजता आलं. १९५० आणि १९६० च्या दशकांत हवेत वाढलेला कार्बन-१४ त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएमध्ये कायमचा नोंदला गेला. त्यावरून २००८ मध्ये हिशेब निघाला की दरवर्षी साधारण दहा टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. म्हणजे वजन जागचं हललं नाही तरी शिबंदीला सफाईचं काम रोज आहेच.

७. थोडक्यात, लठ्ठ माणसाच्या चरबीत जे होतं तेच म्हाताऱ्या माणसात होतं, असंच ना?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. धूर सारखा दिसतो म्हणून आग तीच असं नाही.

लठ्ठपणात बाहेरून मॅक्रोफेजांची भरती होते. रक्तातले मोनोसाइट, म्हणजे मॅक्रोफेज होऊ शकणाऱ्या पेशी, चरबीत शिरतात आणि संख्या कित्येक पट वाढते. म्हाताऱ्या उंदरांच्या पोटातल्या चरबीत मॅक्रोफेजांची एकूण संख्या तशी वाढत नाही. बदलतं ते त्यांच्यातलं प्रमाण: सांभाळून घेणारे कमी होतात, भडकणारे वाढतात. संख्या वाढते ती टी आणि बी पेशींची. बी पेशी चरबीतल्या लसीकापुंजक्यांत साठत जातात, आणि म्हाताऱ्या उंदरांतून त्या काढून टाकल्यावर चरबीचं चलनवलन सुधारलं. दुसरीकडे इओसिनोफिल घटतात. तरुण उंदरांचे इओसिनोफिल म्हाताऱ्यांना टोचल्यावर त्यांच्या चरबीतला दाह उतरला आणि अंगातली ताकदही थोडी परतली.

आता सगळ्यात चक्रावणारी गोष्ट. लठ्ठपणात चरबीतल्या नियामक टी पेशी घटतात आणि दाह वाढतो, हे समजण्यासारखं आहे. म्हातारपणात त्याच पेशी उलट साठतात. मग दाह कमी व्हायला हवा, नाही का? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेतल्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या चरबीतून या पेशी काढून टाकल्या, तर वयामुळे इन्सुलिनला आलेला अडथळा कमी झाला. लठ्ठपणामुळे आलेला अडथळा मात्र तसाच राहिला. एकाच पेशीचा एका आजारात तुटवडा आणि दुसऱ्यात अडगळ. म्हणून ‘लठ्ठपणावरचं औषध म्हातारपणावर चालेल’ असं कुणी ठोकून सांगितलं की मी सावध होतो.

८. साठीनंतर कितीही उपास केले तरी पोट हलत नाही. याचा शिबंदीशी संबंध आहे का?

उंदरांमध्ये तरी आहे, आणि तो कसा ते पाहण्यासारखं आहे.

उपाशी राहिलं की मेंदूकडून निरोप निघतो: कोठार उघडा. चरबीत गेलेल्या चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, ते मेदपेशीला लागतं आणि पेशी साठवलेली चरबी मोकळी करते. आता या चेतातंतूंना चिकटून काही मॅक्रोफेज बसलेले असतात. येल विद्यापीठातल्या विश्व दीप दीक्षित यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांत हे मॅक्रोफेज नॉरअ‍ॅड्रेनलिन मोडून टाकणारी यंत्रणा, म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे विकर, जास्त बनवतात. निरोप निघतो, पण वाटेतच फाडला जातो. कोठाराला कळतच नाही की मालक उपाशी आहे. ते विकर औषधाने अडवलं तेव्हा म्हाताऱ्या उंदरांची चरबी पुन्हा सुटू लागली.

हे वाचून कुणी हे विकर अडवणारी नैराश्यावरची औषधं पोट कमी करायला घेऊ नयेत. त्यांनी रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. आणि तुमचं पोट न हलण्यामागे घटलेला स्नायू हे कारण याच्याइतकंच मोठं आहे.

९. ‘इन्फ्लमासोम’ हा शब्द सगळीकडे दिसतो. काय आहे तो?

मॅक्रोफेजच्या आत सुटे पडलेले काही प्रथिनांचे भाग असतात. धोक्याची चाहूल लागली की ते जुळून एक यंत्र बनतं आणि ते आयएल-१ बीटा हा दाहकारक रेणू धार लावून बाहेर सोडतं. हे यंत्र म्हणजे इन्फ्लमासोम. त्यातला एनएलआरपी३ नावाचा प्रकार इथे महत्त्वाचा, कारण त्याला जंतूच लागतो असं नाही. युरिक आम्लाचे स्फटिक, कोलेस्टेरॉलचे स्फटिक, फुटलेल्या पेशीतून सांडलेला एटीपी (पेशीचं इंधन), अशा घरच्याच कचऱ्यावरही तो पेटतो. वय वाढतं तसा हा कचरा वाढतो. एनएलआरपी३ नसलेले उंदीर म्हातारपणी रक्तशर्करा, हाडं आणि स्मरणशक्ती या बाबतींत बरे राहिले. प्रश्न ८ मधल्या मॅक्रोफेजांना बिघडवण्यात आणि प्रश्न ७ मधल्या बी पेशी वाढवण्यात याचाच हात असल्याचं दिसलं आहे.

१०. झोंबी पेशींमुळे म्हातारपण येतं असं वाचलं. त्या याच का?

त्या वेगळ्या, पण शेजारी. विभाजन कायमचं थांबलेल्या, तरीही न मरणाऱ्या पेशींना सेनेसंट पेशी म्हणतात. वर्तमानपत्रांनी त्यांचं झोंबी केलं. चरबीत त्या प्रामुख्याने पूर्वपेशींमधून तयार होतात. काम सोडलेलं, पण आरडाओरडा चालू: आयएल-६ आणि मॅक्रोफेजांना बोलावणारे रेणू त्या सतत सोडत असतात. शिबंदीने त्यांना उचलून न्यायला हवं; म्हातारी शिबंदी ते नीट करत नाही.

थोड्या पेशी किती बिघडवू शकतात हे २०१८ च्या एका प्रयोगात दिसलं. तरुण उंदरांत अशा पूर्वपेशी सोडल्या, अंगातल्या दर दहा हजार पेशींमागे जेमतेम एक. महिन्याभरात उंदरांची चाल मंदावली, पकड सैल झाली. डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन ही जोडी देऊन या पेशी मारल्या की सुधारणा झाली. माणसांत ही जोडी मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या नऊ मधुमेहींना तीन दिवस दिली गेली. अकरा दिवसांनी घेतलेल्या चरबीच्या नमुन्यात झोंबी पेशी आणि प्रश्न ५ मधली कडी, दोन्ही कमी झालेली होती. नऊच माणसं, आणि डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे, हे विसरून चालणार नाही.

११. आयएल-६ वाईट म्हणता, पण व्यायामाने तो वाढतो असंही वाचलं. खरं काय?

दोन्ही खरं. विश्रांतीत असताना रक्तात फिरणाऱ्या आयएल-६ पैकी साधारण तिसरा हिस्सा चरबीतून येतो. ही संथ गळती टीएनएफच्या संगतीत दिवसरात्र चालू असते आणि ती तापदायक. व्यायामात तोच रेणू स्नायूतून सुटतो, लांब पल्ल्याच्या शर्यतीत शंभरपटीपर्यंत चढतो आणि काही तासांत खाली येतो. हा चढउतार उलट दाह शमवणारे रेणू मागे सोडून जातो.

कोपनहेगनमधल्या संशोधकांनी याची छान परीक्षा घेतली. पोट सुटलेल्या लोकांना बारा आठवडे सायकल चालवायला लावली आणि त्यातल्या काहींना आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं. औषध न मिळालेल्यांची आतड्यांभोवतीची चरबी घटली. औषध मिळालेल्यांनी तेवढाच घाम गाळला, पण ती चरबी घटली नाही. कोणता रेणू, याच्याइतकंच तो कुठून आला आणि किती वेळ राहिला, हेही पाहावं लागतं.

१२. मग शस्त्रक्रियेने चरबी ओढूनच काढली तर?

कुठली, त्यावर आहे. २००४ मध्ये पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालून सुमारे दहा किलो चरबी शोषून काढण्यात आली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचं काम, सीआरपी (रक्तातला दाहदर्शक रेणू), टीएनएफ, रक्तदाब, काहीच सुधारलं नव्हतं. उंदरांच्या मोठ्या भाऊबंदांत, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, पोटातली चरबी काढली तेव्हा मात्र आयुष्य वाढलं. माणसात आतड्यांभोवतीची चरबी अशी सहज काढता येत नाही, आणि प्रश्न २ मधली झालर काढून टाकणं हे फुकटचं दुखणंच.

१३. माझा बीएमआय २२ आहे. मी निश्चिंत राहू?

बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय जवळपास सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एका पानात इतकं सांगणारा लेख मी दुसरा पाहिलेला नाही. तेव्हा टेप घ्या. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा, हा ढोबळ नियम बीएमआयपेक्षा पोटातल्या चरबीबद्दल बरंच काही सांगतो.

१४. चरबीतला दाह मोजायला कोणती तपासणी करू?

चरबीतला असा सुटा मोजणारी रोजच्या वापरातली तपासणी नाही. उच्च संवेदनशील सीआरपी ही तपासणी संपूर्ण शरीरातल्या दाहाचा अंदाज देते: लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत कमी, ३ च्या वर जास्त. पण सर्दी, दुखरी हिरडी किंवा मुरगळलेला घोटाही तो आकडा वर नेतो. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका. बरं वाटत असताना दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा आणि डॉक्टरांना दाखवा.

१५. रोज एक दाहशामक गोळी घेतली तर काम होईल ना?

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे. कॅन्टोस या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांवर लोकांना कॅनाकिनुमॅब, म्हणजे आयएल-१ बीटा अडवणारं इंजेक्शन, किंवा तुलनेसाठी औषध नसलेलं इंजेक्शन दिलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्र प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. दाह अडवला तर फायदा होतो हे सिद्ध झालं. पण संसर्गाने दगावणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, आणि नव्याने मधुमेह होणंही थांबलं नाही.

शिबंदीच बरखास्त केली तर चोर शिरणारच. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेण्याबद्दल तर विचारूच नका. जठर आणि मूत्रपिंड दोन्ही त्याची किंमत मोजतात.

१६. कमी खाल्ल्याने फरक पडतो का, माणसांत?

पडतो, आणि याचा पुरावा चांगला आहे. कॅलरी नावाच्या अमेरिकन चाचणीत लठ्ठ नसलेले, निरोगी दोनशेवर लोक होते आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांनी दोन वर्षं आहार कमी केला. उद्दिष्ट २५ टक्के कपातीचं होतं, जमली सरासरी १२ ते १४ टक्के. यात मला बरं वाटतं, कारण तेवढं जमण्यासारखं आहे. त्यातल्या काहींच्या चरबीचे नमुने दीक्षित यांच्या गटाने तपासले. पीएलए२जी७ हे प्रथिन, जे मॅक्रोफेज बनवतात, त्याचा जनुक मंदावलेला दिसला. शिवाय छातीतली थायमस ग्रंथी, जी वयाबरोबर चरबीने भरून जाते, तिच्यात काम करणारा भाग वाढला होता. उंदरांतून तो जनुक काढून टाकला तेव्हा दाह कमी झाला आणि थायमसही टिकली.

सत्तरीपुढे, वजन आधीच कमी असताना, हा प्रयोग स्वतःवर करू नये. त्या वयात स्नायू गेला तर परत मिळवणं फार कठीण जातं.

१७. वजन उतरवलं की शिबंदी पुन्हा पहिल्यासारखी होते का?

पूर्णपणे नाही. दाहाचे आकडे उतरतात, कडी कमी होतात, पण जनुकांवरच्या खुणा मागे राहतात. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की वजन घटल्यानंतरही मेदपेशी लठ्ठपणाची आठवण जपून ठेवतात, आणि अशा उंदरांचं वजन पुन्हा लवकर वाढतं. मॅक्रोफेजांतही पूर्वीच्या लठ्ठपणाच्या खुणा उरतात, असं दुसऱ्या गटाला उंदरांत आढळलं. पाचदा वजन उतरवून पाचदा वाढवणाऱ्यांना दोष देण्याआधी हे माहीत असावं.

१८. पाळी गेल्यावर पोट एकदम का वाढलं?

इस्ट्रोजेन असेपर्यंत चरबी मांडी-नितंबांकडे वळवली जाते. ते ओसरल्यावर ती पोटात जाऊ लागते. पुढचं सगळं प्रश्न ६ सारखंच, फक्त बदल काही वर्षांतच होतो, म्हणून एकदम झाल्यासारखा वाटतो.

१९. सगळं उंदरांवरचंच सांगता. माणसाला कितपत लागू?

रास्त शंका. काही फरक मुळातलेच आहेत. ‘पोटातली चरबी’ म्हणून बहुतेक प्रयोगांत नर उंदराच्या वृषणाजवळची गादी तपासतात. माणसात ती गादी असतच नाही. उंदराला सुखाचं तापमान ३० अंशांच्या आसपास. प्रयोगशाळा असते साधारण २२ ला. म्हणजे बिचारा जन्मभर कुडकुडतोय आणि चरबी जाळून ऊब धरतोय, आणि आपण त्याच चरबीबद्दल निष्कर्ष काढतोय. शिवाय तो इतक्या निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेला असतो की त्याच्या शिबंदीने खरी लढाई कधी पाहिलेलीच नसते.

माणसात पक्कं म्हणता येईल ते असं: चरबीतले मॅक्रोफेज आणि मेलेल्या पेशींभोवतीची कडी, वयाबरोबर पोटात सरकणारी चरबी, आणि आहार घटवल्यावर तिच्यात होणारा बदल. चेतातंतूंवरचे मॅक्रोफेज आणि नियामक टी पेशींचा उफराटा खेळ यांचा भक्कम पुरावा अजून उंदरांतच आहे.

२०. म्हणजे म्हातारपण आलं की हा दाह सगळ्यांनाच होणार?

मीही बरीच वर्षं असंच सांगत होतो. २०२५ मध्ये चार समाजांच्या रक्तातले दाहकारक रेणू शेजारी मांडून पाहिले गेले: इटलीतले, सिंगापूरमधले, बोलिव्हियाच्या जंगलात शेती-शिकार करणारे चिमाने आणि मलेशियातले ओरांग अस्ली. इटली आणि सिंगापूरमध्ये वयाबरोबर दाह वाढतो आणि जुनाट आजारांशी त्याचा संबंध लागतो, हे नेहमीचं चित्र बऱ्याच अंशी दिसलं. उरलेल्या दोघांत ते दिसलं नाही. चिमाने लोकांच्या अंगात दाह भरपूर असतो, पण तो जंत आणि संसर्गांचा, वयाबरोबर त्या नमुन्यात चढत जाणारा नाही. हे लोक दिवसाचे कित्येक तास हालचालीत असतात, आणि सीआरपी वाढलेला असूनही त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आजवर तपासलेल्या कुठल्याही समाजापेक्षा स्वच्छ निघाल्या होत्या. संसर्गांनी त्यांच्यातले बरेच जण लवकर दगावतात, हेही त्याच पारड्यात टाकावं लागतं.